जानेवारीतला माहुली-भांडारगड: ठाण्याहून एका दिवसात, पाणी आणि उजेड मोजून

जानेवारीत आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याला निघणारे बहुतेक जण पहाटेच्या थंडीची तयारी करून जातात आणि दुपारच्या उन्हात सापडतात. कसारा लोकलच्या दारात पाच वाजता दात वाजत असतात, म्हणून पाठपिशवीत जाड जॅकेट जातं आणि त्याच्या जागेसाठी पाण्याची एक बाटली बाहेर राहते. दुपारी एक वाजता माथ्यावर त्या जॅकेटचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही.

पावसाळा संपून तीन महिने झालेला सह्याद्री जवळजवळ वाळवंटातल्या डोंगरासारखा वागतो. ओढे आटलेले, हवा कोरडी, सकाळ आणि दुपार यांच्यात पंधरा-वीस अंशांचा फरक, पायाखाली सुटा मुरूम आणि दिवस लहान. अशा डोंगरात किती किलोमीटर चाललो याला फारसा अर्थ नसतो. पाठीवर पाणी किती उरलंय आणि अंधार पडायला किती तास आहेत, हे दोन आकडे सतत डोक्यात असले की माहुली सोपा आहे.

दिवस उलटा मोजायचा

माहुली समुद्रसपाटीपासून सुमारे 858 मीटर. पायथ्याच्या माहुली गावापासून साधारण सातशे मीटर चढ पडतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक हिशेब सांगितला होता: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. तो सुदृढ माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशेब आहे. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर, चार-सहा जणांच्या गटाला तो दीडपट करून घ्यावा लागतो. त्यामुळे माथ्यापर्यंत तीन तास धरा. कुणी ‘दोन तासात होतो’ म्हणालं तर त्याचे दोन तास त्यालाच राहू द्या.

जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहा-वीसच्या आसपास मावळतो. मावळल्यावर वीसेक मिनिटं उजेड रेंगाळतो, पण सागाच्या जंगलात तेवढाही नाही. म्हणून पायथ्याला परत पोचायची वेळ पाच ठेवायची. सव्वा तास हातात राहतो, तो मुरगळलेल्या पायासाठी किंवा शिडीवरच्या रांगेसाठी.

पाचपासून मागे मोजत या. उतरायला अडीच तास, म्हणजे माहुलीच्या माथ्यावरून अडीच वाजता पाय निघाला पाहिजे. माहुलीला लागूनच असलेल्या भांडारगड या जोडकिल्ल्याहून माथ्यावर परत यायला दीड तास आणि थोडी विश्रांती, म्हणजे जेवण उरकून पाऊण वाजता तिथून निघायचं. जायला दोन तास, म्हणजे दहाला माहुलीचा माथा. त्यासाठी पायथ्याहून सात वाजता, नुकतं दिसायला लागलं की सुटायचं.

आता नियम एकच: साडेबारापर्यंत भांडारगड गाठला नसेल तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं. भांडारगडाची शेवटची टेकाडं समोर दिसत असली तरी. ही वेळ आदल्या रात्री गटाच्या व्हॉट्सअॅपवर लिहून टाका. डोंगरावर वाद घालायला दोन जण नेहमी तयार असतात, आणि त्यांच्याकडे पाणीही सगळ्यात कमी असतं.

ठाण्याहून आसनगावला लोकलने साधारण सव्वा तास लागतो. पहाटेची पहिली किंवा दुसरी आसनगाव-कसारा गाडी धरा. आदल्या दिवशी वेळापत्रक पाहा, कारण या मार्गावर एक गाडी चुकली की पुढची लगेच नसते. नवी मुंबईकरांची खरी अडचण इथेच आहे. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन ही गाडी गाठणं पहाटे जमेलच असं नाही. आदल्या रात्री ठाण्या-डोंबिवलीतल्या कुणाकडे मुक्काम करा, नाहीतर सरळ चारचाकी काढा. आसनगाव स्टेशनबाहेरून माहुली गावापर्यंत रिक्षा करावी लागते. जातानाच परतीचं बोलून, रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा, कारण संध्याकाळी गावातून रिक्षा मिळेलच असं नाही. हा परिसर तानसा अभयारण्यात येतो. पायथ्याला वन विभागाचं प्रवेशशुल्क भरायला सुटे पैसे रोख ठेवा.

साडेचार लिटर

वरच्या वेळापत्रकात प्रत्यक्ष चालणं नऊ तासांचं आहे. चालताना तासाला अर्धा लिटर हे हिवाळ्यातलं किमान माप. म्हणजे साडेचार लिटर. त्यातलं अर्धा लिटर पायथ्याला, चालायला लागण्याआधीच पोटात घालायचं. पोट हीसुद्धा बाटलीच आहे. चार लिटर पाठीवर. शिवाय अर्ध्या लिटरची एक सीलबंद बाटली तळाशी, तिला हात लावायचा नाही. ती पडलेल्या माणसासाठी. पाठीवर एकूण साडेचार लिटर, म्हणजे साडेचार किलो झाले. जड वाटतं, पण दर तासाला अर्धा किलो कमी होणारं हे एकमेव ओझं आहे.

चार लिटरचं एकच भांडं नको. एक-एक लिटरच्या चार बाटल्या घ्या. एक फुटली, शिडीवरून घरंगळली तरी तीन राहतात. नळीवाली पाण्याची पिशवी सोयीची असते, पण आत किती उरलंय ते दिसत नाही आणि लोक अकरालाच कोरडे पडतात. बाटल्यांचा दुसरा फायदा असा की हिशेब डोळ्यांना दिसतो: भांडारगडावर बारा वाजता पोचलात तेव्हा दोन बाटल्या रिकाम्या आणि दोन भरलेल्या हव्यात. वाटेतच तिसरी उघडावी लागली तर तिथूनच परत. उलट तिथे पोचल्यावर दोनऐवजी तीन भरलेल्या असतील तर तुम्ही कमी पिताय, आणि त्याचा त्रास उतरताना होणार.

कमी पिणं कळत का नाही, याचं कारण हवेत आहे. ठाण्यात घाम अंगावर राहतो, शर्ट पाठीला चिकटतो, म्हणून तहान लागते. जानेवारीत माथ्यावरचा कोरडा वारा घाम आल्याआल्या उडवून नेतो. अंग कोरडं, म्हणून वाटतं घाम आलाच नाही. पाठपिशवीचा पट्टा उचलून बघा. त्याच्या कडेला शर्टवर पांढरी, खरबरीत मिठाची रेघ उमटलेली असते. तेवढं मीठ गेलंय, त्याच्याबरोबर पाणीही गेलंय. लघवीचा रंग दुसरी खूण: फिकट लिंबाच्या सरबतासारखा असेल तर ठीक, चहाकडे झुकला तर सावलीत बसून अर्धा लिटर हळूहळू प्या.

नुसतं पाणी ढोसणंही बरोबर नाही. मीठ जातंय आणि पाणीच भरतंय, असं चार-पाच तास झालं की डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ऊन लागलं समजून आणखी पाणी पितो. म्हणून तिसऱ्या बाटलीत ओआरएसचं पाकीट टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट घ्या: एक लिटरसाठी 20.5 ग्रॅम, त्यात ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9. अख्खं पाकीट अख्ख्या लिटरमध्ये. अर्ध्या लिटरमध्ये घोळून ‘स्ट्राँग’ केलेलं पाणी उलट पोट बिघडवतं. पाकीट नसेल तर एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे.

गडावर टाकी आहेत, तळं आहे. त्यांच्या भरवशावर बाटली कमी करू नका. पाणी असेल, पण शेवाळलेलं असेल. घ्यावंच लागलं तर चौपदरी पंचातून गाळा, क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. हा अर्धा तास लोक पाळत नाहीत, मग गोळीला नावं ठेवतात.

बूट: घरीच फसतात

हिवाळी ट्रेकमध्ये सगळ्यात जास्त दगा देतो तो बुटाचा तळ. पावसाळ्यानंतर धुऊन कपाटात ठेवलेल्या बुटांमधला फोमचा थर आणि गोंद दमट हवेत कुजतो. बाहेरून बूट नवा दिसतो. माथ्याच्या खाली कुठेतरी ‘फट’ असा आवाज येतो आणि तळ जिभेसारखा लोंबायला लागतो. आठवडाभर आधी बूट दोन्ही हातांनी वाकवा, चवड्याजवळच्या सांध्यात नख खुपसून बघा, भुगा निघाला तर तो बूट न्यायचा नाही. मग दोन दिवस तेच घालून ऑफिसला जा. तरीही दोन मीटर सुतळी आणि पेन्सिलीवर गुंडाळलेली चिकटपट्टी सोबत असावी. तळ उघडला तर सुतळी टाचेच्या पुढच्या खोलगट भागाखालून घेऊन घोट्यापाशी बांधायची, चवड्याखालून नाही. चवड्याखालची सुतळी घसाऱ्यावर घासून लवकर तुटते.

पायाची नखं दोन दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापलेली नखं उतारावर टोचतात. उतरायला लागण्याआधी लेस सोडून, टाच मागे दाबून, घोट्याजवळ पुन्हा घट्ट बांधा, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. मोजे जाड सुती नकोत. वाळलेल्या गवताची कुसळं सुती विणीत अशी रुततात की चिमट्याशिवाय निघत नाहीत, आणि दोन तासांनी घोट्याभोवती पुरळ उठतं. नायलॉनचे गुळगुळीत मोजे आणि वरून पूर्ण लांबीची पँट. जीन्स नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

अंगात पातळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट. लोकलसाठी आणि पहाटेसाठी एक वाऱ्याला अडवणारं पातळ जाकीट, जे घडी घालून मुठीत मावेल. मानेवर येणारी टोपी किंवा साधा पंचा. पंचा ऊन अडवतो, पाणी गाळतो, हाताची झोळी होतो आणि आग्या मोहोळ उठलं तर तोंडावर घेता येतो. डोक्याला लावायची विजेरी प्रत्येकाकडे हवी, मोबाइलचा टॉर्च धरला जात नाही.

पायांची तयारी

सातशे मीटर म्हणजे साधारण तीन मीटरचा एक मजला धरला तर दोनशे तेहतीस मजले. घोडबंदरच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना याचा अंदाज लगेच यावा. तीन आठवडे आधीपासून, आठवड्यातून तीनदा जिना चढा: पहिल्या आठवड्यात तीस मजले, मग पन्नास, मग सत्तर, शेवटच्या वेळी पाठीवर पाण्याच्या चार बाटल्या घेऊन. उतरताना लिफ्ट वापरू नका. चढण्याने दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरण्याने, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला ती सवय जिना उतरूनच होते. रविवारी मुंब्रादेवीच्या पायऱ्या किंवा बेलापूरची पारसिक टेकडी. एवढं पुरे.

वाटेवर

गावातून वर, पायथ्याच्या देवळापाशी या. तिथून वाट कोरड्या ओढ्याकडून जंगलात शिरते. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला, बोलता येईल इतपत. इथे घाईने घामाघूम झालेला माणूस वर धारेवर वाऱ्यात गारठतो. सागाची पानं ताटाएवढी असतात आणि या दिवसांत गळून वाटेवर थर देतात. त्यांच्याखाली सुटा दगड आहे की भक्कम, ते दिसत नाही. पाऊल टाकून वजन देण्याआधी जरा दाबून बघायचं. फेब्रुवारीत याच सागाची सावलीही उरत नाही, म्हणून जानेवारी.

मध्यावरून चढ अंगावर येतो. घसाऱ्यावर चवड्यावर नको, पूर्ण तळवा टेकवून छोटी पावलं टाका. दोन माणसांत दहा-बारा फूट अंतर ठेवा, दगड सुटला की लाज न बाळगता ‘दगड!’ म्हणून ओरडा, आणि खालच्याने वर बघण्याऐवजी झाडाच्या आड व्हायचं. आधाराला कारवीची काठी किंवा वाळलं गवत धरू नका. कारवी हिरवी असताना दोरीसारखी असते, वाळली की काडेपेटीच्या काडीसारखी मोडते. झाडाचं मूळ किंवा हाताने ठोकून घट्ट वाटलेला कातळ, एवढंच भरवशाचं.

माथ्याच्या खाली लोखंडी शिडी आहे. एका वेळी एकच माणूस. आधी हलवून बघा, मग चढा. उतरताना शिडीकडे तोंड करून. रविवारी इथे रांग लागते, वीस मिनिटं धरून चला.

वर आल्यावर महादरवाजा आणि त्याच्या आतल्या पहारेकऱ्यांच्या देवड्या बघा. 1636 मध्ये शहाजीराजे याच गडावर मोगलांच्या वेढ्यात अडकले होते. परतीच्या विश्रांतीला देवड्यांची सावली चांगली आहे, फक्त आत शिरण्याआधी कोपऱ्यात काठी फिरवा. थंडीत साप उबेला दगडात बसतात, आणि घोणस तर या दिवसांत जास्तच फिरते.

इथून भांडारगडापर्यंतचा टप्पा चढाचा कमी आणि चकव्याचा जास्त आहे. रानातून जाणाऱ्या वाटेला गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा फुटतात. ढोरवाट ओळखायची खूण अशी की ती फांद्यांच्या खालून जाते. कमरेपर्यंत वाट स्वच्छ आणि तोंडावर सतत फांद्या येत असतील तर ती माणसांची वाट नाही. प्रत्येक फाट्यावर मागे वळून मोबाइलने फोटो काढा, कारण परतताना फाटा त्याच बाजूने दिसतो. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर ठेवा; रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. दहा मिनिटांत बुटाचा ठसा, दगडांची लगोर, काहीच दिसलं नाही तर खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत परत.

आणि वाट चुकली म्हणून ओढ्याने खाली उतरायचं नाही. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे: कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार. ओढा उताराने गोड बोलून नेतो आणि कड्याच्या टोकावर सोडतो. पावसाळ्यात तिथे धबधबा असतो, जानेवारीत नुसता खड्डा. मागे वर चढायला पाय उरत नाहीत आणि माणसं रात्रभर अडकतात.

भांडारगडाच्या टोकाला नवरा, नवरी, भटोबा हे सुळके आणि पलीकडचा वजीर. खाली तानसाचा जलाशय पसरलेला असतो. 1892 पासून मुंबईला पाणी पाजणारं हे धरण, आणि आपल्या हातात दोन बाटल्या; ही विसंगती चाखत जेवायला बसा, पण कड्याच्या काठापासून दूर. इथून कल्याण दरवाज्याची वाट खुणावते. दोर आणि तो वापरणारा माणूस सोबत नसेल तर तिकडून उतरायचं नाही.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, ड्रोन, काहीही नको. उठलंच तर हात न झाडता पंचा तोंडावर घेऊन दाट झाडीकडे पळा. काटा नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. चहासाठीही आग पेटवू नका. वाळल्या गवतात वणवा माणसापेक्षा वेगाने वर चढतो.

डब्यात काय

कोरड्या हवेत कोरडं घशाखाली उतरत नाही. चिवडा, वेफर, बिस्किटं परत घरी येतात. दुधात मळलेल्या दशम्या किंवा धपाटे, तेल घातलेली चटणी, काकडी, दोन संत्री. संक्रांतीच्या सुमारास गूळपोळी आणि तिळगूळ घरात असतोच. खिशात ठेवायला त्याहून चांगलं काही नाही. दर पाऊण तासाला एक घास, भूक लागायची वाट न बघता. दुपारी मात्र पोटभर जेवू नका, लगेच चालायचंय.

बिघडलं तर

गट चौघांचा तरी असावा: एक जखमी, एक त्याच्यापाशी, दोघं मदत आणायला. कुणी बडबड थांबवली, अडखळायला लागला, चिडचिड करू लागला तर सावलीत आडवा करा, पाय उंच, बूट सैल, मान-काखांवर ओला पंचा, ओआरएस घोटघोट. अर्ध्या तासात सुधारला तर त्याला सोबत घेऊन उतरा, पुढे नाही. बोलणं असंबद्ध झालं आणि अंग तापलं तर तो उष्माघात: तोंडात काही घालू नका, अंगावर राखीव पाणी ओता, वारा घाला, 108 लावा.

साप चावला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही नाही. अंगठी, घड्याळ काढा, चावलेला अवयव काठीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि शक्यतो उचलून खाली न्या. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. साप मारायची, पकडायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं.

गावात पोचल्यावर आधी गटातली डोकी मोजा, मग रिक्षावाल्याला फोन. आसनगावला चहाबरोबर काहीतरी खारट खा. लोकलमध्ये बसल्यावर मोजे काढून उलटे करा. राहिलेली कुसळं तिथेच एका पिशवीत वेचून ठेवा, नाहीतर घरच्या सगळ्या कपड्यांत शिरतात. आणि बूट धुऊन सावलीत वाळवून, आत कागद कोंबून ठेवा. बंद कपाटात नाही.